बागेत दुपारपर्यंत पाणी गार ठेवायचं असेल तर

उन्हाळ्यात मुलांना घेऊन बागेत गेलं की तासा-दीड तासात बाटलीतलं पाणी कोमट होतं आणि मुलं ते प्यायला नको म्हणतात. पूर्ण गोठवलेली बाटली नेली तर ऐन तहानेच्या वेळी हाती येतात चार थेंब. यावर उपाय सोपा आहे:

१. रात्री प्लास्टिकच्या बाटलीत एक तृतीयांशच पाणी भरा.
२. झाकण लावून बाटली फ्रीझरमध्ये तिरकी ठेवा, तोंडाची बाजू वर. बर्फ एका कडेला लांबट धरतो, त्यामुळे पाणी ओतायला वाट मोकळी राहते.
३. निघताना वरून गार पाणी भरा.
४. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. हवा कोरडी असेल तर फडकं सुकत जाताना गारवा टिकतो. दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही, तिथे कोरडा जाड टॉवेल बरा.

चौघांसाठी अशा दोन बाटल्या करा आणि एकीतलं संपल्याशिवाय दुसरी उघडू नका. बर्फ उरला असेल तर त्याच बाटलीत पुन्हा पाणी भरता येतं.

काचेची बाटली किंवा थर्मास मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. काच तडकते, थर्मासचं आतलं आवरण बिघडतं.