ग्रीन कार्डाची मुदत संपल्यावर नोकरीतले हक्क कसे जपावेत

अमेरिकेतले दहा वर्षांचे ग्रीन कार्ड, म्हणजे कायम रहिवासाचे ओळखपत्र, हाती आले की बहुतेकजण ते पाकिटात ठेवून विसरून जातात. मग एखाद्या सकाळी ‘नवीन कार्ड तातडीने सादर करा’ असा एचआरचा ईमेल येतो आणि कार्डावरची तारीख उलटून गेल्याचे ध्यानात येते. अशा वेळी घाबरून राजीनामा देऊ नये किंवा बिनपगारी रजाही घेऊ नये.

सर्वप्रथम नेमके काय संपले आहे ते तपासावे. दहा वर्षांच्या कार्डाची मुदत संपली, तरी कायम रहिवासाचा दर्जा आणि नोकरी करण्याचा हक्क संपत नाही. विवाहाच्या आधारे मिळालेल्या दोन वर्षांच्या सशर्त कार्डाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यासाठी मुदतीपूर्वीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे अटी काढून टाकण्याचा अर्ज केला नाही, तर दर्जाच धोक्यात येतो.

नोकरीवर रुजू होताना आय-९ (कामाचा हक्क तपासण्याच्या सरकारी) अर्जासाठी आपण वैध ग्रीन कार्ड दाखवले असेल, तर पुढे त्याची मुदत संपली म्हणून मालकाने कायम रहिवाशाची कागदपत्रे पुन्हा तपासू नयेत, असा नियम आहे. एचआरला हे सौम्य शब्दांत, पण लेखी कळवावे. माझ्या मते फोनवरच्या समजुतीपेक्षा दोन ओळींचा ईमेल केव्हाही बरा.

नवी नोकरी धरताना खरी अडचण येते, कारण तिथे मुदत संपलेले कार्ड एकटे चालत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड ही जोडी मात्र चालते, आणि कोणती कागदपत्रे दाखवायची याची निवड कर्मचाऱ्याची असते. आपल्यापैकी अनेकांची गाडी इथेच अडते: एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असताना मिळालेल्या सोशल सिक्युरिटी कार्डावर ‘केवळ गृहसुरक्षा विभागाच्या परवानगीने कामासाठी वैध’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली असते, आणि तसे कार्ड आय-९ साठी ग्राह्य नसते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर सोशल सिक्युरिटी कार्यालयातून ती ओळ नसलेले कार्ड विनामूल्य बदलून घेता येते, पण हे काम वर्षानुवर्षे राहून जाते.

दरम्यान कार्डाच्या नूतनीकरणाचा आय-९० अर्ज भरावा. तो मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पोचपावतीवर जुन्या कार्डाच्या मुदतवाढीचा कालावधी लिहिलेला असतो. सप्टेंबर २०२४ पासून तो ३६ महिने केला आहे. ही पावती जुन्या कार्डासोबत जपून ठेवावी.

तरीही मालक ठरावीक कागदपत्रासाठी अडून बसला, तर न्याय विभागाच्या स्थलांतरित व कर्मचारी हक्क शाखेच्या १-८००-२५५-७६८८ या क्रमांकावर नाव न सांगताही विचारणा करता येते. रीतसर तक्रार मात्र घटनेपासून १८० दिवसांच्या आत करावी लागते.

वर्क परमिट म्हणजे ईएडीवर काम करणाऱ्यांनी वरील सवलती स्वतःला लागू आहेत असे समजू नये. त्यांची फेरतपासणी होतेच, आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या बहुतांश नूतनीकरण अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही. एच-१बीधारकाच्या मालकाने वेळेत मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर त्याच मालकाकडे २४० दिवसांपर्यंत काम करता येते.

कामाची परवानगी खरोखरच संपली असली, तरी झालेल्या कामाचे किमान वेतन आणि लागू असल्यास आठवड्याच्या ४० तासांवरील दीडपट मजुरी मालकाला बुडवता येत नाही. म्हणून केलेल्या तासांची तारीखवार नोंद स्वतःकडेही ठेवावी.