‘येस’ म्हणण्याआधी थांबा: अमेरिकेच्या नागरिकत्व परीक्षेचा माझा अनुभव

दहापैकी सहा उत्तरं बरोबर आली की नागरिकशास्त्राचा भाग पास, असा माझ्या वेळचा नियम होता. माझी पहिली सहाच्या सहा बरोबर आली. वाचन झालं, लेखन झालं. आणि तरीही २०२३ च्या मार्चमधल्या त्या दिवशी मी हातात निकालाचा कागद घेऊन बाहेर आले तेव्हा त्यावर ‘नापास’च्या रकान्यात खूण होती. गाडीत बसल्यावर यांनी विचारलं, ‘काय झालं?’ आणि मला बोलताच येईना.

ग्रीन कार्डनंतरची पाच वर्षं, एन-४०० म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, बोटांचे ठसे, मुलाखतीचं पत्र, हे सगळं तुम्हाला माहीत असणार. ते पुन्हा लिहीत नाही. फक्त एक बदल आधी सांगते, कारण जुने व्हिडिओ बघून लोक अजून चुकीची यादी पाठ करत बसलेत. २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर अर्ज भरला असेल तर तुमची यादी १२८ प्रश्नांची. तोंडी जास्तीत जास्त २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. बारा झाले की थांबतात, नऊ चुकले तरी थांबतात. त्याआधी अर्ज भरला असेल तर जुनी १०० प्रश्नांची यादी. अर्ज कधी भरला ते बघायचं, मुलाखत कधी आहे ते नाही. पावतीवरची तारीख आत्ताच काढून बघा.

नव्या यादीने घाबरू नका. त्यात ‘किती’ आणि ‘कोण’ यांच्या जोडीला ‘का’ विचारणारे प्रश्न वाढलेत, आणि ‘का’ समजलं की उत्तर विसरत नाही. प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांची मुदत सिनेटरपेक्षा कमी का? लोकमताच्या जवळ राहावं म्हणून. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश तहहयात का? राजकारणापासून स्वतंत्र राहावेत म्हणून. हे पाठ करायचं नसतं, एकदा नीट समजून घ्यायचं असतं.

मी सांगलीची, मराठी माध्यमातली. आमच्या वेळी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाचं शेपूट. तरी लोकसभा, राज्यसभा, राष्ट्रपती पक्के होते, आणि सुरुवातीला त्यांनीच मला दगा दिला. ‘राष्ट्राध्यक्ष’ म्हटलं की डोळ्यांपुढे आपले राष्ट्रपती, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करणारे. इथला राष्ट्राध्यक्ष स्वतः कारभार चालवतो, विधेयक नाकारतो, सैन्याचा सरसेनापतीही तोच. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत खासदार व्हावंच लागतं, इथे मंत्रिपदावर असताना काँग्रेसचं, म्हणजे इथल्या संसदेचं, सदस्य राहताच येत नाही. घटनेत ज्यांची वाटणी केलेली नाही ते उरलेले अधिकार आपल्याकडे केंद्राला, इथे दहाव्या दुरुस्तीने राज्यांना आणि लोकांना. शेवटी मी उलटं केलं. वहीचं पान मधोमध दुमडून डावीकडे आपलं आणि उजवीकडे यांचं लिहायला लागले, आणि गाडी रुळावर आली. सिनेट म्हणजे राज्यसभेसारखी सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा रिकाम्या, इथपर्यंत जुळतं. पण राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आणि गोव्याची एक. सिनेटमध्ये मात्र कॅलिफोर्नियाचे दोन आणि इवल्याशा वायोमिंगचेही दोनच. राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात. सिनेटरही पूर्वी विधिमंडळंच निवडायची, १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीने ते थेट लोकांच्या मतावर आलं. त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले, म्हणून मला ते साल कधी विसरायला झालं नाही. इथल्या राज्यघटनेचे पहिले तीन शब्द कोणते हा प्रश्न तर आपल्या प्रत्येक शाळकरी मुलाला यावा: ‘वुई द पीपल’. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर ‘आम्ही भारताचे लोक’ वाचतच आपण मोठे झालो.

गव्हर्नर, आपल्या राज्याचे सिनेटर, सभापती, राष्ट्राध्यक्ष ही नावं बदलत राहतात. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात यूएससीआयएसच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर जाऊन ती ताडून बघा. नागरिकशास्त्राबद्दल यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. तो भाग मेहनत करणाऱ्याला जमतो. माणूस अडकतो ते अर्जात.

मुलाखतीत अधिकारी तुमचा एन-४०० अर्ज समोर ठेवून त्यातलेच प्रश्न तोंडी विचारतात. आपल्याला वाटतं, ही फक्त माहितीची खातरजमा. ती खातरजमा असतेच, पण इंग्रजी बोलता-समजतं का याची परीक्षाही तिथेच चालू असते. वेगळा असा संभाषणाचा पेपर नाही. तुम्ही अर्जाबद्दल जे बोलता तोच पेपर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी शंभर प्रश्न झोपेतही सांगितले असते, पण स्वतः सही केलेला अर्ज मी एकदाही मोठ्याने वाचला नव्हता. तो मुलीने भरला होता. मी ‘नो, नो, नो’वर खुणा बघितल्या आणि सही केली.

त्या खोलीत काय झालं ते लिहिते. अधिकारी बाई चांगल्या होत्या, आवाज शांत होता. ‘डू यू अंडरस्टँड द ओथ ऑफ अलिजन्स?’ मी म्हटलं, येस. ‘व्हॉट डज इट मीन?’ मी पुन्हा येस म्हटलं. त्यांनी थोडं थांबून पुढचा विचारला: ‘आर यू विलिंग टू बेअर आर्म्स?’ येस. ‘व्हॉट इज बेअर आर्म्स?’ आर्म म्हणजे हात एवढंच मला माहीत. मी दोन्ही हात पुढे करून दाखवले. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग ‘डिपोर्टेड’ आला, ‘पर्सिक्यूट’ आला, आणि मी मान हलवत हो-नाही करत राहिले. टेबलाच्या कडेला माझी फाइल होती, तिच्यावर माझ्या घामाने बोटांचे डाग उमटले होते. तेवढंच बघत बसले.

आता नीट लक्ष द्या, कारण मी इथेच बुडाले. प्रत्येक शब्द आलाच पाहिजे अशी अट नाही. एखादा प्रश्न समजला नाही तर अधिकारी तो पुन्हा विचारतात, सोप्या शब्दांत फिरवून विचारतात. तशी रीतच आहे. पण समजलं नाही हे त्यांना कळायला हवं. मी ‘येस’ म्हटलं की त्यांच्या लेखी मला समजलेलं असतं, मग ते अर्थ विचारतात, आणि तिथे मी उघडी पडते. आपल्याला लहानपणापासून सवय असते, मोठ्या माणसापुढे, साहेबापुढे ‘हो’ म्हणून मोकळं व्हायचं. समजलं नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा किंवा अडाणीपणा वाटतो. त्या खोलीत हा सभ्यपणा महागात पडतो. आणि तो फक्त नापास करत नाही. ‘कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं आहे का’, ‘स्वतःला अमेरिकी नागरिक म्हणवलं आहे का’ असल्या प्रश्नांना न समजता ‘येस’ गेलं तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. तिथे तुम्ही उजवा हात वर करून शपथेवर बोलत असता.

तेव्हा ही दोन वाक्यं नागरिकशास्त्राच्याही आधी पाठ करा: ‘प्लीज रिपीट द क्वेश्चन’ आणि ‘आय डोन्ट अंडरस्टँड दॅट वर्ड’. आरशासमोर नको, माणसासमोर म्हणा. मान हलवू नका, तोंडाने बोला. आपली मान हो म्हणते की नाही, हे त्यांना कळत नाही.

धीराची गोष्ट ही, की पहिल्यांदा जो भाग राहतो तेवढ्याचीच परीक्षा साठ ते नव्वद दिवसांत पुन्हा होते. पास झालेले भाग पुन्हा द्यावे लागत नाहीत. माझं फक्त बोलणं राहिलं होतं.

त्या दोन-अडीच महिन्यांत मी एक वही केली. तीन रकाने: अर्जातला शब्द, सोप्या इंग्रजीतलं एक वाक्य, मराठी अर्थ. मराठी अर्थ स्वतःसाठी, इंग्रजी वाक्य त्यांच्यासाठी. मधला रकाना गाळू नका, अर्थ मराठीत कळला तरी सांगायचा इंग्रजीतच असतो. अलिजन्स म्हणजे ‘बीइंग लॉयल टू अमेरिका’, निष्ठा. पर्सिक्यूट म्हणजे धर्म, वंश, मतं यांवरून कोणाचा छळ करणं. बेअर आर्म्स म्हणजे देशासाठी शस्त्र हाती घेणं. नॉनकॉम्बॅटंट सर्व्हिस म्हणजे न लढता सैन्याला मदत. ‘वर्क ऑफ नॅशनल इम्पॉर्टन्स’ हे लांबलचक वाक्य माझ्या डोक्यात बसेना, तेव्हा २००५ चा सांगलीचा महापूर आठवला. कृष्णेचं पाणी गावभर पसरलेलं आणि बाया-मुलांना होडीतून काढणारी माणसं. सरकारने सांगितलं तर संकटात असं काम करायची तयारी आहे का, एवढंच ते विचारतात. त्या दिवसापासून तो प्रश्न मला कधी अवघड गेला नाही.

पाटील, देशमुख, इनामदार, जहागीरदार यांच्यासाठी एक वेगळी ओळ. वंशपरंपरागत किताब आहे का असा प्रश्न अर्जात असतो आणि आपली माणसं तिथे घुटमळतात. आडनाव म्हणजे किताब नव्हे.

निष्ठेच्या त्या शपथेचा, म्हणजे ओथ ऑफ अलिजन्सचा, अर्थ मी रात्री स्वयंपाकघरात बसून मुलीकडून ओळीओळीने समजून घेतला. दुसऱ्या देशाची निष्ठा पूर्णपणे सोडते, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही हे मला माहीत होतं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो त्या ओसीआय कार्डाचंही माहीत होतं. पण ते वाक्य स्वतःच्या तोंडून म्हणून बघितल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. आधी न समजता मी याच वाक्याला ‘येस’ म्हणाले होते. भावाने आमच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज भरला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती, आम्ही इथे उतरलो तेव्हा ती सोळाची. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली त्याचा अर्थ मला इतक्या उशिरा कळला. तुम्ही हा अर्थ घरी बसून, वेळ घेऊन समजून घ्या. वाईट वाटेल ते घरी वाटू द्या. आणि हा हक्क आपल्या लोकांना सहज मिळालेला नाही हेही त्याच वेळी वाचा. १९२३ मध्ये इथलं नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिक होता येणार नाही असा निकाल दिला होता. तो दरवाजा १९४६ च्या कायद्याने उघडला. मला त्या वाचनाने बळ आलं.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडक आहे. ‘माझं दहा मिनिटांत झालं, काही नसतं हो’ म्हणणाऱ्याचा सल्ला घेऊ नका. त्याचं इंग्रजी चांगलं होतं म्हणून झालं, तुम्हाला कुठे अडेल ते त्याला दिसतच नाही. हमखास पास करून देतो म्हणत पैसे मागणाऱ्यापासून तर लांबच राहा. ज्याला एकदा ठेच लागली आहे असा माणूस शोधा. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी फुकट वर्ग असतात, आणि तिथे अनोळखी माणसाचं इंग्रजी कानावर पडतं. घरच्यांच्या उच्चाराची आपल्याला सवय झालेली असते, म्हणून फक्त मुलांबरोबर केलेला सराव फसवा. शॉर्टकट मला एकच मान्य आहे: ज्या प्रश्नाला अनेक उत्तरं चालतात, त्याचं सगळ्यात छोटं उत्तर निवडा. पहिल्या दुरुस्तीतला एक हक्क विचारला तर ‘स्पीच’, विषय संपला.

आईवडिलांसाठी अर्ज करत असाल तर सवलती नीट बघा. नुसतं वय पुरत नाही, ग्रीन कार्डची वर्षंही मोजतात. पन्नाशी ओलांडली आणि कार्डाला वीस वर्षं झाली, किंवा पंचावन्न आणि पंधरा, तर इंग्रजीची परीक्षा माफ आणि नागरिकशास्त्र मराठीतून, दुभाषा घेऊन देता येतं. पासष्ट आणि वीस वर्षं असतील तर अभ्यासाला वीसच प्रश्न. मी पन्नाशीची होते, पण कार्डाला जेमतेम सहा वर्षं, त्यामुळे मला काहीच लागू झालं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. लेखनाचं वाक्य टॅबलेटच्या काचेवर पेनसारख्या काडीने लिहायचं होतं. काच गुळगुळीत, अक्षर घसरतं. घरी कोणाच्या टॅबवर दोन दिवस लिहून बघा.

दुसऱ्या वेळी वेगळे अधिकारी होते, जरा भरभर बोलणारे. वहीतले चार शब्द आले, चारही सांगितले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, त्यातला एक शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. जीभ ‘येस’वर आली होती. मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले आणि म्हटलं, ‘सॉरी, आय डोन्ट अंडरस्टँड दॅट वर्ड.’ ते म्हणाले, ‘ओके,’ आणि तोच प्रश्न साध्या शब्दांत विचारला. कर कधी चुकवलाय का, एवढंच होतं. मी म्हटलं, ‘नो सर, एव्हरी इयर वी पे.’ त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं.