बोडीतल्या माशाला गारठा बाधण्याआधी

धान कापून झालं, बांधीत (धानाच्या शेतात) लाखोरी डाळ उगवली की आपलं बोडीकडे, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याकडे, लक्ष राहत नाही. माशांच्या दुखण्याचा काळ मात्र तेव्हाच सुरू होतो आणि महाशिवरात्रीपर्यंत चालतो.

माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी 20 अंशांवर असेल तर त्याचं रक्तही तेवढंच गार. रोहू, कटला, मृगळ यांना 25 ते 32 अंश मानवतात. पाणी त्याखाली उतरत गेलं की रोगाशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात, रक्तात प्रतिपिंडं तयार व्हायला फार दिवस लागतात. अंगावर लाल चट्टे आणि खोल जखमा पाडणारा ईयूएस हा रोग बहुतेक वेळा पाणी 18 ते 22 अंशांवर आलं की उसळतो. गंमत अशी की ज्या बुरशीमुळे तो होतो, तिला थंडीची मोठी आवड नाही. ती 28 अंशांवरही चांगली वाढते. पण उबेत मासा तिला जखमेतच कोंडून टाकतो, गारठ्यात त्याला ते जमत नाही. म्हणून औषध शोधण्याआधी माशाचा हा कमकुवत काळ सांभाळायचा.

पहिली गोष्ट थर्मामीटर. बांबूला सुतळीने बांधून दोन फूट खोल सोडा, सकाळी 7 ला आणि दुपारी 3 ला आकडा वहीत लिहा. दोन्हींत चार-पाच अंशांचा फरक रोजच पडत असेल तर पाणी उथळ आहे. ही रोजची चढ-उतार संथ थंडीपेक्षा जास्त जाच करते. पाणी किमान पाच-सहा फूट ठेवा. पहाटे बोअरचं पाणी कोमट लागतं, ते थोडं थोडं सोडलं तर फायदा होतो. मात्र त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून पाइप उंच धरून धार पडू द्या. पाटाचं गार पाणी एकदम भरू नका.

चुना थंडी वाढण्याआधीच. एकरी 80 किलो कळीचा चुना, दोन हप्त्यांत, पंधरा दिवसांच्या अंतराने. रात्री ड्रममध्ये फुलवा (पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी नाही, डोळे सांभाळा) आणि सकाळी पूर्ण निवल्यावर शिंपडा. पीएच 8.5 च्या वर असेल तर टाकू नका. प्लास्टिकच्या शेततळ्यात तळाला माती नसते, तिथे पीएच न बघता चुन्याला हातच लावू नका.

खाद्याची चूक सगळेच करतात. पाणी 22 च्या खाली गेलं की ढेप-कोंडा (पेंड आणि कोंडा) निम्म्यावर आणा, तोही सकाळी नाही, ऊन चढल्यावर. 18 च्या खाली चार दिवस राहिलं तर बंद. उपाशी मासा मरत नाही. न खाल्लेली ढेप कुजून पाणी नासवते, त्याने मरतो.

आणि जाळं. एका डिसेंबरात लग्नाची मागणी आली म्हणून मी सकाळी 6 लाच ओढजाळं टाकलं. मोठे मासे काढले, लहान परत सोडले. आठ-दहा दिवसांनी त्यातल्या बऱ्याच माशांच्या पाठीवर, नेमके खवले निघालेल्या जागी, पांढरा कापूस उगवला. त्यानंतर थंडीत वाढ बघायला जाळं टाकायचं मी सोडलं. विक्रीसाठी काढावेच लागले तर दुपारी काढा, आणि परत सोडायचे मासे 2 टक्के मिठाच्या पाण्यात मिनिटभर बुडवून सोडा. मासा उलटायला लागला तर लगेच बाहेर.

मरळ असेल तर तिच्याकडे आधी बघा, जखमा बहुधा तिच्यावर पहिल्यांदा दिसतात. दिसल्याच तर खाद्य थांबवा, मेलेले मासे रोज काढून चुना घालून पुरा, त्या बोडीतलं जाळं दुसऱ्या बोडीत नेऊ नका. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने काढलेलं सिफॅक्स हे औषध यावर चालतं: एकरभर बोडीत पाच फूट पाण्याला साधारण 600 मिली, भरपूर पाण्यात मिसळून सगळीकडे. दुकानदार अँटिबायोटिक हातात देईल; बुरशीवर ते चालत नाही.

फेब्रुवारीत सकाळचा आकडा आठवडाभर 22 च्या वर टिकला की ढेप पुन्हा सुरू करा, आधी पाव, मग निम्मी.