अमेरिकेत पहिली किंवा पार्टटाइम नोकरी घेताना कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स कसा ताडून बघायचा

परवा भाच्याचा फोन. मावशी, दोन ऑफर आल्यात, एकीकडे इन्शुरन्सचे दर पगाराला ४५ डॉलर कापणार, दुसरीकडे ९५, मग ४५ वाली घेतो ना. म्हटलं थांब जरा, आधी दोन्हीकडून एसबीसी मागव. त्याला हे नावच नवीन होतं आणि त्यात त्याची काही चूक नाही, एचआरवाले चकचकीत ब्रोशर पाठवतात, हा कागद बहुतेक वेळा मागितल्याशिवाय समोर येत नाही.

एसबीसी म्हणजे समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज. तो द्यायची कायद्याने सक्ती आहे आणि सगळ्यांचा साचा एकच, त्यामुळे दोन प्लॅन शेजारी ठेवून ओळीला ओळ लावता येते. मी आधी शेवटचं पान उघडते, तिथे तीन नमुना हिशोब असतात, बाळंतपण, टाइप २ डायबेटिसचं एक वर्ष आणि साधं फ्रॅक्चर, प्रत्येकात पेशंटच्या खिशातून किती जाणार ते लिहिलेलं असतं. फक्त त्यात पगारातून कापला जाणारा हप्ता धरलेला नसतो, तो आपण मिळवायचा.

पण त्याच्याही आधी बघायचं की आपण पात्र तरी आहोत का. ज्या कंपनीत ५० किंवा जास्त फुलटाइम माणसं आहेत (पार्टटाइमवाल्यांचे तास एकत्र करून तेही ह्यात मोजतात) तिला आठवड्याला सरासरी ३० तास किंवा महिन्याला १३० तास करणाऱ्यांना कव्हर देऊ करावं लागतं, नाहीतर दंड बसू शकतो. केंद्रीय कायद्यात ३० च्या खाली सक्ती नाही, आणि ५० पेक्षा छोट्या कंपनीला तर कोणासाठीच नाही. काही जण स्वतःहून देतात, स्टारबक्स सरासरी २० तासांवर देतं हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असेल. फुलटाइम फ्रेशरला कव्हर सुरू व्हायला जास्तीत जास्त ९० दिवस थांबवता येतं, शनिवार-रविवार धरून, म्हणजे त्या तीन महिन्यांची सोय आपली आपण बघायची.

पार्टटाइमवाल्यांनी इथे एक प्रश्न विचाराच, तास कुठल्या काळाचे मोजता आणि सरासरी घसरली तर कव्हर कधी जातं? मी हा प्रश्न विचारला नव्हता. एका दुकानाच्या चेनमध्ये होते, डिसेंबरच्या गर्दीत आठवड्याला २८ तास मिळायचे, जानेवारीत मॅनेजरने शिफ्ट छाटल्या, पुढच्या तीन महिन्यांची सरासरी १८ आली, अट होती २० ची, आणि घरी कोब्राचं पत्र. ह्या कोब्रात तोच प्लॅन साधारण १८ महिने चालू ठेवता येतो पण पूर्ण हप्ता आपण भरायचा, वर २ टक्के. माझे महिन्याला ८० कापले जायचे, पत्रात आकडा होता ६१२. कंपनी माझ्यासाठी किती घालत होती ते मला त्या दिवशी कळलं. कव्हर असं गेलं की ६० दिवसात मार्केटप्लेसवर, म्हणजे स्वतःचा इन्शुरन्स घ्यायच्या सरकारी बाजारात, दुसरा प्लॅन घेता येतो, तारीख चुकवायची नाही.

आता भाच्याचा हिशोब. दोन आठवड्यांनी पगार म्हणजे वर्षाला २६ कपाती, ४५ वाल्याचे झाले ११७० आणि ९५ वाल्याचे २४७०. स्वस्त प्लॅनचा डिडक्टिबल, म्हणजे प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम, ३०००, महागाचा ५००, दोन्हीत पुढे २० टक्के आपले. वर्षभर ठणठणीत राहिला, दोनदाच डॉक्टरकडे गेला तर स्वस्त प्लॅन सरळ हजारभराने जिंकतो. पण समजा पाय मोडला आणि ८००० चं बिल आलं, तर स्वस्तात ३००० अधिक उरलेल्या ५००० चे २० टक्के म्हणजे १००० असे ४०००, हप्ता धरून ५१७०. महागात ५०० अधिक ७५०० चे २० टक्के १५०० असे २०००, हप्ता धरून ४४७०. उलटलं ना गणित! आणि सगळ्यात वाईट वर्षासाठी आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम (हप्ता सोडून वर्षात आपल्या खिशातून जास्तीत जास्त जाऊ शकणारी रक्कम) अधिक वर्षाचा हप्ता अशी एकच बेरीज करायची, इकडे ७००० अधिक ११७० आणि तिकडे ४००० अधिक २४७०. कंपनी एचएसएमध्ये (औषधपाण्याच्या खर्चासाठीचं आपल्या नावाचं बचत खातं) काही टाकत असेल तर ते वजा करा, ते पैसे नोकरी सोडली तरी आपलेच राहतात.

पार्टटाइमवाल्यांना कधी कधी भलताच स्वस्त प्लॅन दाखवतात, तिथे सावध. हॉस्पिटलात राहिलात तर दिवसाला १०० डॉलर देऊ असली भाषा दिसली की तो फिक्स्ड इंडेम्निटी, बिल कितीही येवो तो तेवढेच देणार. दुसरा प्रकार फक्त तपासण्या आणि लसींचा, त्याला मिनिमम एसेन्शियल कव्हरेज म्हणतात म्हणून माणूस फसतो, हॉस्पिटलचा खर्च त्यात नसू शकतो. एचआरला विचारायचं, हा मिनिमम व्हॅल्यू देतो का? म्हणजे सरासरी खर्चाचा निदान ६० टक्के वाटा उचलतो का, एसबीसीतही हे हो-नाही मध्ये छापलेलं असतं. आणि कंपनीचा प्लॅन मिनिमम व्हॅल्यूचा असेल आणि सरकारी व्याख्येत परवडणाराही असेल, तर तो नाकारला तरी मार्केटप्लेसची सबसिडी मिळत नाही, हे बऱ्याच जणांना टॅक्स भरताना कळतं.

डॉक्टरच्या काउंटरवर "तुम्ही हा इन्शुरन्स घेता का" असं विचारू नका, घेतो म्हणतात आणि बिल आउट ऑफ नेटवर्कचं, म्हणजे प्लॅनशी करार नसलेल्या डॉक्टरचं, येतं. कार्डावर जे नेटवर्कचं नाव असतं ते नाव घेऊन विचारा. रोजचं औषध असेल, थायरॉइड, दम्याचा पंप, तर ते कुठल्या टियरमध्ये, म्हणजे प्लॅनच्या किमतीच्या कुठल्या पायरीवर, आहे तेही.

एवढं सगळं करून झालं आणि मी सहज विचारलं, अरे तू २४ चा ना? २६ पूर्ण होईपर्यंत आईबाबांच्या प्लॅनवर राहता येतं, लग्न झालेलं असलं किंवा स्वतःच्या कंपनीची ऑफर असली तरी. ताईच्या प्लॅनवर धाकटी आहेच, तिथे मुलं कितीही असली तरी हप्ता तोच. राहतोही त्याच राज्यात, डॉक्टर नेटवर्कमधला. शेवटी त्याने दोन्हीकडचा इन्शुरन्स नाकारला आणि जिथे पगार जास्त ती नोकरी घेतली. नाकारलं की काही कंपन्या थोडे पैसे परत देतात, ते विचारायचं मात्र आम्ही दोघंही विसरलो.