गोधडीच्या मध्यात झोळ का येतो आणि तो कसा टाळावा

धावदोरा घालता येतो, सुईत दोरा ओवता येतो, एवढं गृहीत धरते. गोधडी किंवा वाकळ शिवायला याहून जास्त हातकौशल्य लागत नाही. तरी पहिली गोधडी बहुतेकींची बिघडते, आणि बिघडते ती शिवताना नाही, त्याआधी जमिनीवर थर अंथरताना. जो तो टाक्यांबद्दल सांगतो, अंथरण्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. मीही बरीच वर्षं त्याच टप्प्यावर अडायचे, म्हणून हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. बाकीचं थोडक्यात उरकते.

कापड सुतीच हवं. दुकानदार, नणंद किंवा साडीवरचं लेबल काहीही सांगो, कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सुताची मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर ती साडी बाजूला ठेवा. अशी गोधडी अंगावर घेतली की घाम येतो, आणि सुती थरांबरोबर ती साडी आटतही नाही. विरलेली साडी आतल्या थराला चालते. मात्र दोन्ही अंगठ्यांनी ताणल्यावर चरचरली तर आतही नको, तिचं फडकं करा.

रंग जातो का हे पांढरं ओलं फडकं घासून पाहा. लाल, मरून आणि गडद निळ्या साड्यांची ही परीक्षा चुकवू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, हे घरोघरी सांगतात. एकदा रंगवून झालेल्या कापडावर मिठाचा काही उपयोग होत नाही. रंग जाणारी साडी वेगळी धूत राहा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. निघतच नसेल तर ती घेऊ नका.

पहिली गोधडी एका पन्ह्याची करा, म्हणजे जोड द्यावे लागत नाहीत. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४५ इंच पन्ह्याची असते. चांगल्या साडीचे ८४ इंचांचे दोन तुकडे बाहेरच्या थरांना घ्या, विरलेल्या साडीचे ८० इंचांचे दोन आत. चार थर झाले. पुण्याच्या थंडीला पुरतात. कोकणात तीनही पुष्कळ. सहाच्या पुढे सुई आरपार जाता जात नाही, आणि हौसेने आठ थर घेणारीची गोधडी वर्षभर अर्धवट पडून राहते. उरलेलं कापड ठिगळांना ठेवा.

तुकडे कात्रीने कापू नका, फाडा. काठ कात्रीने छेदा आणि पुढे हाताने सरळ ओढा. कापड आडव्या धाग्यावरच फाटतं, त्यामुळे कड आपोआप सरळ येते. कात्रीने कितीही जपून कापलं तरी कड दोन-तीन इंच तिरकी जाते, आणि पुढचा निम्मा त्रास तिथूनच सुरू होतो.

आतल्या दोन तुकड्यांचे काठ काढून टाका. काठ घट्ट विणलेला असतो, तो मधल्या कापडासारखा आटत नाही. बाहेरच्या तुकड्यांचे काठ राहू द्या. किनार उसवत नाही, त्यामुळे लांबीच्या बाजू दुमडाव्या लागत नाहीत.

आता अंथरणं.

जागा फरशीची हवी. सतरंजी, गादी, पलंग, गालिचा यांवर होत नाही, कापड खालच्या कापडाला चिकटून सरकतं. पंखा बंद करा. चारही तुकडे इस्त्री केलेले असू द्या. हलकी खळ दिली तर आणखी सोपं जातं. खळीने गोधडी कडक होते म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, पहिल्या धुण्यात ती निघून जाते.

सगळीकडे सल्ला मिळतो की खालचा थर ताणून चिकटपट्टीने फरशीवर घट्ट बसवा. हाच सल्ला गोधडी बिघडवतो. ताणलेलं कापड चिकटपट्टी सोडली की मागे येतं. वरचे तीन थर ताणलेले नसतात, म्हणून ते मागे येत नाहीत. जास्तीचं कापड मग कुठे जाणार? फुगा होऊन वर येतं, आणि त्यावर टाके पडले की चुण्या. खालच्या थरात ताण नको आणि सुरकुतीही नको. दोन्ही टाळायचं तर ओढायचं नाही, झटकायचं. दोन टोकं धरून कापड उंच उचला, झटका द्या आणि अलगद खाली सोडा. मग तळहाताने मधून कडांकडे फिरवा, फक्त उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने. कोपऱ्याकडे तळहात कधीही नेऊ नका. ती औरेबाची, म्हणजे धाग्यांना तिरकी दिशा, तिथे सुती कापड हवं तेवढं ताणतं आणि तुम्हाला कळतही नाही.

कागदी चिकटपट्टीने आधी समोरासमोरच्या बाजूंचे मध्य चिकटवा, कोपरे शेवटी. मग एक पट्टी उचलून बघा. कापड मागे सरकलं तर ताण होता, सगळ्या पट्ट्या काढून पुन्हा अंथरा. कंटाळा आला तरी पुन्हा अंथरा, कारण यानंतर दुरुस्तीला जागा नाही. आतले दोन थर त्यावर तसेच झटकून सोडा, चारी बाजूंनी दोन इंच आत. वरचा थर सर्वांत शेवटी. आडव्या टोकांना बाहेरचे दोन्ही थर दोन-दोन इंच आत दुमडा, म्हणजे लांबी आतल्या थरांएवढी ८० इंच होते.

कच्च्या टाक्यांशिवाय, म्हणजे थर सरकू नयेत म्हणून आधी तात्पुरते टाचल्याशिवाय, गोधडी शिवू नका. गावोगाव फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका टाचत नाहीत, हे खरं. त्यांचा डावा तळहात टाचणीचं काम करतो, आणि तो हात तुमच्या-माझ्याकडे नाही. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, बोटभर लांब टाके घ्या, सुरुवात बरोबर मध्यापासून करा. आधी मध्यातून उभी-आडवी फुली, मग दोन्ही बाजूंना वीतभर अंतराने रांगा, प्रत्येक रांग मध्याकडून कडेकडे. झोळ असला तर तो असा बाहेर ढकलला जातो.

टाचताना कापड उचलू नका. सुईचं टोक फरशीला टेकलं की वर काढायला त्रास होतो आणि हात नकळत कापड उचलतो. त्यासाठी डाव्या हातात चहाचा चमचा धरा. टोक जिथे वर यायला हवं तिथे चमचा दाबा, टोक त्याच्या कडेवर चढून आपसूक बाहेर येतं. हे ऐकून हसणारी प्रत्येक जण पुढे चमचा घेऊनच बसते.

गुडघे कापडावर ठेवायचे नाहीत. ४५ इंच पन्ह्यात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो, एका पन्ह्याचा आग्रह त्यासाठीही आहे. मदतीला मैत्रीण आली तर तिला समोरच्या बाजूने कडेपासून टाचायला देऊ नका. दोघी दोन कडांकडून आत आलात की झोळ मधे सापडतो. दोघींनीही मध्यातून बाहेर जायचं. सेफ्टी पिना नव्या कापडाला ठीक. विरलेल्या साडीला त्यांची भोकं पडतात आणि धुतल्यावर ती वाढतात.

यानंतर शिवणं सोपं. सुई लांब आणि बारीक, दाभण नको. दोरा सुती. पॉलिस्टरचा दोरा मजबूत म्हणून विकतात, पण तो जुन्या साडीहून मजबूत असतो, ताण पडला की दोऱ्याआधी साडीच फाटते. दोरा हातभर लांब, मेणावरून एकदा ओढून घेतलेला. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी. सुई अडली तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा धरून ओढा, दातांनी नको. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, सुईवर एका वेळी तीन-चार, त्याहून जास्त घेतले तर कापड गोळा होतं.

शिवायचं मात्र कडेपासून आत, बोटभर अंतराच्या फेऱ्यांनी. टाचलं मध्यातून बाहेर आणि शिवायचं बाहेरून आत, हे उलटं वाटतं. कड पक्की झाली की हाताळताना थर बाहेर सरकत नाहीत, आणि आतला झोळ टाचण्याने आधीच काढलेला असतो. दर फेरीनंतर उलटी करून बघा. मागे चुणी दिसली तर तीच फेरी उसवा. पुढच्या फेरीत जिरेल, असं म्हणून पुढे गेलात तर ती चुणी फेरीगणिक मोठी होत मध्यात गोळा होते. अगदी किरकोळ सैलपणा असेल तर त्यावर टाके आखूड घ्या, तो खपून जातो.

ठिगळं लावायची असतील तर आधी त्यांची एकसंध चादर करून ती वर पसरू नका. शेजारच्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी, शिवताना तुकडे कडेपासून एकेक ठेवत, कड दुमडत, शिवत आत जातात. उरलेला सैलपणा पुढच्या तुकड्याखाली जिरतो. माझ्या मते ठिगळांच्या गोधडीला दुसरी पद्धतच नाही.

कच्चे टाके सगळी गोधडी शिवून झाल्यावर काढा, मधे नाही.

पहिलं धुणं थंड पाण्यात, एकटीचं, पायाने तुडवून. पिळू नका, ओली गोधडी फार जड होते आणि पिळताना टाके नाही, जुनं कापड तुटतं. पाणी निथळू द्या. वाळत घालताना एका दोरीवर टाकू नका, दोन दोऱ्यांवर पसरून टाका, नाहीतर सगळं वजन मधल्या फेऱ्यांवर येतं. ऊन चालतं, पण दुपारी एकदा उलटी करायला विसरू नका.