किमान-कमालचं गणित: आधी चौकट काढा

मागच्या परीक्षेत हातातलं गणित घालवलं. १२० जण, त्यातल्या ८० जणांना पोहता येतं, ७० जणांना सायकल येते, निदान १५ जणांना यातलं काहीच येत नाही. दोन्ही येणारे कमीत कमी किती? ८० अधिक ७० वजा १२० केलं आणि ३० लिहून पुढे गेलो. उत्तर ४५ होतं. ते १५ जण मी वाचले होते, पण कागदावर त्यांना जागाच दिली नव्हती.

म्हणून आता पेन टेकवलं की पहिल्यांदा चौकट, म्हणजे सगळे जण, मग तिच्यात प्रत्येक गटाचं एकेक, एकमेकांत शिरणारं वर्तुळ. वर्तुळांच्या बाहेर, चौकटीच्या कोपऱ्यात ‘एकही नाही’ असं लिहायचं आणि शेजारी आकडा. आकडा दिला नसेल तर प्रश्नचिन्ह टाका, शून्य नको. शून्य तेव्हाच, जेव्हा गणितात ‘प्रत्येकाला निदान एक तरी येतं’ असं स्पष्ट म्हटलेलं असेल. ब्रिटिश तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १८८० मध्ये या आकृत्या मांडल्या तेव्हा बाहेरच्यांना बंदिस्त जागा नव्हती. ती चौकट ‘ॲलिस इन वंडरलँड’वाले लुईस कॅरल यांनी १८८६ मध्ये आणली. आपण ती विसरायचं काही कारण नाही.

प्रश्न वाचताना ‘फक्त’, ‘निदान’, ‘जास्तीत जास्त’ यांखाली रेघ मारा. ‘पोहता येतं’ आणि ‘फक्त पोहता येतं’ हे वेगळे आकडे आहेत, हे सांगायला नको.

दोन संच, म्हणजे दोन गट असतील तर दोन्ही येणाऱ्यांची कमाल म्हणजे लहान संच, वरच्या गणितात ७०. त्या वेळी बाहेर ४० उरतात, हे ताडून घ्या. किमान काढायला बेरजेतून एकूण वजा करा आणि बाहेरचे मिळवा. बाहेरचा एक वाढला की दोन्हीवाला एक वाढतो. माझे १५ तिथेच गेले.

तीन संचांना सूत्र पाठ करू नका, न येणारे मोजा. १०० जणांत पोहणारे ७५, सायकलवाले ८०, बुद्धिबळवाले ८५. म्हणजे न येणारे २५, २० आणि १५, एकूण ६०. तिन्ही येणारे कमीत कमी हवेत, तर ही ६० ‘नाही’ वेगवेगळ्या ६० जणांना वाटायची, उरले ४०. हे किमान. आता बाहेर १० जण आहेत असं दिलं तर? त्या प्रत्येकाकडे तीन-तीन ‘नाही’, म्हणजे ३० तिथेच संपल्या. उरलेल्या ३० आणखी ३० जणांना. १०० वजा १० वजा ३०, ६०. किमान ४० वरून थेट ६० वर गेलं! तीन संचांत बाहेरचा प्रत्येक माणूस उत्तर दोनने सरकवतो. कोपरा रिकामा सोडलात तर चूकही दुप्पट होते.

आणि कमाल? इथे सगळे ७५ लिहून मोकळे होतात. थांबा, कोपरा बघा. तिन्ही येणारे ७५ धरले की सायकलचे ५ आणि बुद्धिबळाचे १० उरतात. ते वेगवेगळे धरले तरी ९० जणच झाले, १० बाहेर. बाहेर कोणी नाही अशी अट असेल तर ७५ चालणारच नाही. तीन संचांची बेरीज २४०. १०० जणांना एकेक देऊन वर १४० उरतात. दोन येणाऱ्याकडे यातला एक जास्तीचा, तिन्ही येणाऱ्याकडे दोन. म्हणून तिन्हीवाले जास्तीत जास्त ७०, आणि फक्त एकेक येणारे ५, १०, १५. बेरीज करून बघा, बरोबर बसते.

बाकी थोडक्यात. किमान ऋण आलं तर शून्य घ्या. टक्के दिले असतील तर एकूण १०० धरा, पण शेवटी माणसं विचारली असतील तर पूर्णांकच हवा. ‘निदान दोन’ विचारलं असेल तर तिन्हीवालेही त्यात येतात. उत्तर आलं की सगळ्या भागांत आकडे भरा, एकही ऋण नको, बेरीज एकूणाएवढी यावी. कोपऱ्यातला आकडा धरून.