पोळ्यासाठी कागदाचा बैल : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पोळ्याला कागदाचा बैल हवा असेल तर चैत्र-वैशाखातच कामाला लागा. श्रावणात बसलात, तर अमावास्येला पाटावर ओला बैल ठेवावा लागेल. माझा पहिला बैल मी भर पावसाळ्यात केला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या पोटावर हिरवट बुरशी दिसली आणि आठवड्याभरात मागचे दोन्ही पाय दुमडून तो खालीच बसला. घरचे म्हणाले, रवंथ करतोय, उठवू नका त्याला.

कागदाचं हे काम म्हणजे मुळात वाळवणाचं काम. गच्चीत कुरडया-पापड घालता ना, तसंच. हाताला कला असो-नसो, प्रत्येक थर नीट वाळू दिला की बैल उभा राहतो.

पेपर मॅशे हे नाव फ्रेंच आहे, अर्थ ‘चावलेला कागद’. पण काम आपल्याकडे नवं नाही. रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथीचं पीठ घालून पालथ्या पातेल्यावर थापलेल्या टोपल्या अनेकांनी आजीच्या घरी पाहिल्या असतील. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवायच्या तिथल्या उत्सवातले, मुखवटेही लाकडासारखेच कागदाच्या लगद्याचेही असतात. काश्मिरात तर याचे दोन वेगळे व्यवसायच आहेत. लगद्याचा आकार घडवणारा सख्तसाज आणि त्यावर रंगकाम करणारा नक्काश. घरी आपल्यालाच दोघांचं काम करायचं आहे, म्हणून बेत लहान ठेवू. बैल वीतभर लांबीचा पुरे.

आधी जात ठरवा

हे बहुतेक जण शेवटी, रंग हातात घेतल्यावर ठरवतात आणि फसतात. खिलारी बैल देखणा, पांढरा, धनुष्यासारखी मागे वळलेली लांब शिंगं. पण तीच शिंगं नवशिक्याच्या हातात आधी मोडतात. देवणीचे कान लोंबते, कपाळ फुगीर; जमायला अवघड नाही, पण चेहरा नीट यावा लागतो. लाल कंधारी एकरंगी असतो, त्यामुळे पृष्ठभागावरचा प्रत्येक खड्डा दिसतो. माझं मत विचाराल तर पहिला बैल डांगी करा. इगतपुरी-अकोले भागातली ही जात. शिंगं आखूड, जाड. अंगावर पांढऱ्यावर काळे ठिपके आणि डाग. जिथे काम बिघडलं तिथे एक काळा डाग.

काय काय लागेल

पाव लिटरची प्लास्टिकची रिकामी बाटली झाकणासकट, जुनी वर्तमानपत्रं, कागदी मास्किंग टेप, पातळ तार, मैदा, मीठ, मेथी, फेविकॉल, पांढऱ्या खडूची भुकटी, दोन नंबरचे पॉलिश पेपर (120 आणि 220), पोस्टर किंवा अॅक्रिलिक रंग, पाण्यात मिसळणारं वार्निश. मासिकाचा गुळगुळीत कागद घेऊ नका, तो खळ (मैदा शिजवून केलेली चिकी) पीत नाही. सेलोटेपही नको, तिच्यावर कागद धरत नाही, सालासारखा सुटून येतो.

सांगाडा

बाटली आडवी धरा. तिचं निमुळतं तोंड ही बैलाची मान. सगळ्या बाटलीवर मास्किंग टेप गुंडाळून घ्या, कारण नुसत्या प्लास्टिकवर ओला कागद घसरतो.

आता पाय. चार वेगळ्या सुरनळ्या करून पोटाला चिकटवल्या की बैल लंगडतोच. माझा पहिला त्यामुळेच बसला, बुरशी हे नुसतं निमित्त. त्याऐवजी वर्तमानपत्राची बोटाएवढी जाड, साधारण 28 ते 30 सेंमी लांब घट्ट सुरनळी करा, आत एक तार घाला. ती बाटलीच्या पाठीवरून खोगिरासारखी टाकून दोन्ही बाजूंनी खाली वाकवा. झाले पुढचे दोन पाय. तशीच दुसरी मागे. टेपचे भरपूर वेढे द्या. यात एक फायदा असा, की पुढच्या सुरनळीमुळे खांद्यावर आपोआप उंचवटा येतो आणि वशिंडाचा पाया तयार होतो. पाय लांब वाटले तर आत्ताच कापा. बैल सपाट फरशीवर उभा करून चारही पाय टेकतात का ते पाहा. सांगाड्यावर जो डुगडुगतो तो पुढे कधीच स्थिर होत नाही.

डोक्यासाठी कागदाचा बोळा घ्या, लहान अंड्याएवढा, एका टोकाला निमुळता. तो बाटलीच्या झाकणावर टेपने बसवा. डोकं पुढे फार काढू नका, बैल तोंडावर आपटतो. तरीही झुकत असेल तर शेपटीच्या बाजूला एक-दोन खडे टेपने चिकटवा. शिंगं म्हणजे तारेभोवती गुंडाळलेली टेप, कान जाड पुठ्ठ्याचे, शेपूट सुतळीची. मानेखालच्या पोळीसाठी पुठ्ठ्याची अर्धगोल पट्टी. ही पोळी विसरू नका. तिच्याशिवाय वशिंड असलेलं जनावरही लांबून कुत्र्यासारखं दिसतं.

खळ

एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा. दुसरीकडे चार वाट्या पाणी उकळायला ठेवा. उकळी आली की आच मंद करून मैद्याचं मिश्रण धारेने ओता आणि ढवळत राहा. पातळ पिठल्यासारखं चकचकीत झालं की उतरवा. एक मोठा चमचा मीठ घाला, बुरशीला थोडा आळा बसतो. एक छोटा चमचा मेथीचं पीठही घाला, कारण मैद्याच्या खळीवर कसर आणि झुरळं तुटून पडतात. काहीजण मोरचूद घालतात. ते विषारी आहे, घरात मुलं असतील तर नकोच. खळ पूर्ण गार होऊ द्या. उरलेली फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकून द्या.

पट्ट्यांचे थर

कागद कात्रीने कापू नका, फाडा. फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे असतात, ते शेजारच्या पट्टीत मिसळून जातात. कापलेली कड मात्र रंगाखालूनही रेघ दाखवते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. सरळ दिशा सापडली की दोन मिनिटांत ढीग होतो. अंगासाठी 2 ते 3 सेंमी रुंद पट्ट्या, पाय आणि तोंडासाठी याच्या निम्म्या.

पट्टी खळीत बुडवा आणि दोन बोटांत धरून निथळा. निथळणं महत्त्वाचं. जास्तीची खळ म्हणजे जास्तीचं पाणी आणि तेच पुढे वाळवायला दोन दिवस घेतं. पट्टी एकीवर एक थोडी चढवत लावा, बोटाने हवा काढून टाका. पहिला थर उभा, दुसरा आडवा. पाय जिथे पोटाला मिळतात तिथे पट्ट्या तिरक्या, फुलीसारख्या लावा.

थर कुठे पूर्ण झाला आणि कुठे राहिला हे हमखास कळत नाही. त्यावर सोपी युक्ती म्हणजे एक थर साध्या वर्तमानपत्राचा आणि पुढचा गुलाबी कागदावर छापल्या जाणाऱ्या अर्थविषयक वृत्तपत्राचा. खालच्या थराचा रंग दिसला की तिथे पट्टी हवी.

एका बैठकीत दोन थर, जास्त नाही. असे एकूण चार. मुलांना तिसरा थर कंटाळवाणा होतो; तो त्यांच्याकडून करून घ्यायचा हट्ट धरू नका, चौथ्याला परत येतात.

वाळवणं

दर दोन थरांनंतर बैल पूर्ण वाळला पाहिजे. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात पंख्याखाली तीनही लागतात. थेट फरशीवर ठेवू नका. पोळ्या गार करायच्या जाळीवर ठेवा, म्हणजे खालून वारा लागेल. दर दोन-तीन तासांनी कूस बदला. पोटाखालचा भाग सगळ्यात उशिरा वाळतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

वाळला हे कसं ओळखायचं? बोटाने कळत नाही. गालाला लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे. टिचकी मारा, ओला असेल तर बद्द, वाळला असेल तर टकटक. आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर सकाळ-संध्याकाळ वजन करा. सलग दोनदा वजन तेच भरलं की समजा झालं.

लगदा

वशिंड, डोळ्यांच्या पापण्या, नाकपुड्या, दुभंगलेले खूर पट्ट्यांनी नीट होत नाहीत, त्यासाठी लगदा. वर्तमानपत्राची चार पानं नखाएवढे तुकडे करून रात्रभर भिजवा. सकाळी वीसेक मिनिटं उकळा. गार झाल्यावर मिक्सरच्या जुन्या जारमध्ये थोडेच तुकडे आणि भरपूर पाणी घालून थांबत थांबत फिरवा. घट्ट लगदा फिरवायला गेलात तर मोटर जळते. फडक्यात पिळून घ्या, नारळाचं दूध काढल्यावर उरतो तसा चोथा राहिला पाहिजे. पाणी मोरीत ओतू नका, तंतू अडकून पाइप तुंबतो. कुंडीत किंवा अंगणात टाका.

चोथ्यात तीन मोठे चमचे फेविकॉल, तितकीच खडूची भुकटी आणि चिमूटभर मेथीचं पीठ घालून कणकेसारखं मळा. वशिंड एकदम थापू नका. अर्ध्या सेंमीचा थर द्या, वाळवा, मग पुढचा. लगद्याला पहिला दिवस सावलीच बरी. कडक उन्हात वरची साल आवळते, आत ओल राहते आणि भेगा पडतात. पडल्याच तर पातळ लगद्याने बुजवा, घाबरायचं कारण नाही.

घासणं आणि रंग

आधी 120 चा, मग 220 चा पॉलिश पेपर. नाकाला फडकं बांधा आणि हे काम गॅलरीत करा. नंतर फेविकॉल, खडूची भुकटी आणि थोडं पाणी दह्यासारखं कालवून दोन हात द्या. छापील अक्षरं पूर्ण झाकली गेली पाहिजेत, नाहीतर पांढऱ्या बैलाच्या कुशीवर कुणाची तरी जाहिरात वाचत बसावं लागतं.

पांढरा रंग वाळल्यावर काळे डाग ब्रशने रंगवू नका, स्पंजच्या तुकड्याने टिपा. डांगीच्या डागांची कड अशीच विरळ असते. डोळे सगळ्यात शेवटी, हात स्थिर असताना. खरा डांगी बैल मुसळधार पावसातही उभा राहतो, कारण त्याच्या कातडीतून तेलकट स्राव येतो. आपल्या बैलाला ती सोय वार्निशच्या दोन हातांनी करावी लागते, खुरांच्या तळव्यालासुद्धा.

झूल जुन्या खणाची, गोंडे लोकरीचे, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. वेसणीसाठी नाकाला भोक लगदा ओला असतानाच दाभणाने पाडून ठेवा. वाळल्यावर पाडायला गेलात तर तोंड फुटतं.

पूजा झाली की याचं विसर्जन करू नका, कुंकू कोरड्या फडक्याने पुसा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर ओल कोंडते; सुती कापडात कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासोबत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. माझा दुसरा बैल तिथेच आहे. दर श्रावणात शिंगांना नवा रंग लागतो आणि गोंडे बदलतात, एवढंच.